जावेच्या समोरचा सहावा मजला

माझ्या धाकट्या जावेनं आडगावला फ्लॅट घेतला, हे मला तिनंच सांगितलं, माझ्या ब्लाऊजची बाही उसवता उसवता.

ती सायखेड्याची. लग्न होऊन आली तेव्हा दहावी झालेली आणि हातात शिवणकाम. मी पदवीधर, शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी, इंदिरानगरला स्वतःच्या घरात राहणारी. ती आणि दीर सातपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. आमच्यात वरचढ कोण, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"वन बीएचके हाय, ताई," ती म्हणाली. "राहायला नाय, भाड्यानं द्यायला."

"आणि तुम्ही?"

"आम्ही हाये तिथं बरे हाये. यांची कंपनी जवळ, माझी गिऱ्हाईकं बी इथंच. ते घर आपलं कमवत राहील."

स्वतः भाड्यानं राहणारी बाई घरमालकीण होणार होती. मी "अरे वा, छान" म्हणाले आणि ब्लाऊज तिथंच विसरून घरी आले.

वास्तुशांतीला गेले ती दोष शोधायलाच. हॉल पावलांनी मोजला. ओटा बुटका होता, बेडरूममध्ये पलंग टाकला तर कपाटाला जागा उरली नसती, बाल्कनीतून समोरची उंच बिल्डिंग आणि तिच्या बाजूची द्राक्षाची बाग, एवढंच दिसत होतं. पण येणारा प्रत्येक जण ती बाग बघूनच खूश होत होता. सासूबाई चार बायकांत म्हणाल्या, "धाकटीनं नाव काढलं हो." गेली वीस वर्षं मी त्यांच्या डोळ्यांच्या, गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे रजा टाकून जात होते. माझं नाव कुणी काढलं नव्हतं.

दारावरच्या पाटीवर फक्त जावेचं नाव होतं. मी दिरांना म्हणाले, "भाऊजी, तुमचं नाव राहिलं वाटतं."

"राहिलं नाही, वहिनी. घर तिचंच आहे. मी फक्त पूजेला बसलोय," ते म्हणाले, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला दुपारचं जेवण गेलं नाही.

घरी येताच मी नवऱ्याला म्हटलं, "आपणही एक फ्लॅट घेऊया. गुंतवणूक म्हणून."

"हा शब्द तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतोय," ते म्हणाले. पण मुलगी नोकरीला लागून पुण्याला गेली होती, घरचं कर्जही फिटलं होतं. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं.

एजंटानं आम्हाला म्हसरूळला नेलं, पाथर्डी फाट्यालाही नेलं. दोन्हीकडची घरं चांगली होती. मी म्हसरूळच्या घरात उजेड कमी असल्याचं सांगितलं. तिथं इतका उजेड होता की नवऱ्यानं आत गॉगल काढलाच नव्हता. शेवटी मीच एजंटाला आडगावची बिल्डिंग सुचवली. ती जावेच्या बिल्डिंगच्या बरोबर समोर होती, तिच्याहून उंच. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. आम्ही सहाव्यावर टू बीएचके घेतला. बुकिंग होईपर्यंत मी सासरी कुणाला कळू दिलं नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी नवी साडी नेसून गेले. कर्ज नवऱ्याच्या पगारावर, म्हणून पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. फोटो काढायला आधी ते बसले. "आता दुसऱ्या नावाच्या मॅडम या," असं खिडकीतून कुणीतरी म्हणालं. मी कॅमेऱ्यासमोर बसले आणि जावेच्या दारावरची ती पाटी डोळ्यांसमोर आली. मजला वरचा घेतला होता, खोली एक जास्त घेतली होती. जे बघून मला जेवण गेलं नव्हतं, तेवढंच घ्यायचं राहिलं होतं. त्या फोटोत मी भांडून आल्यासारखी दिसते.

जावेला कळलं तेव्हा ती पेढे घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर कुठंही काही खुपल्याची खूण दिसते का, हे मी नीट न्याहाळलं. नव्हती. त्याचाही मला राग आला.

तिच्या फ्लॅटला पंधरा दिवसांत भाडेकरू मिळाले, जवळच्या इस्पितळातल्या दोन नर्स. माझा पाच महिने रिकामा. टू बीएचके आहे म्हणून मी भाडं कमी करायला तयार नव्हते. दर रविवारी जाऊन धूळ काढायची, नळ सोडून बंद करायचे. वरून जावेची बाल्कनी दिसायची. त्या मुली तिथं केस वाळवत हसत असायच्या.

एका रविवारी जाऊ पडदे घेऊन आली. माझ्या फ्लॅटसाठी न सांगता शिवलेले. "रिकामं घर बघून भाडेकरू बिचकतात, ताई," म्हणाली आणि स्टुलावर चढली. मी खालून पडदा धरला होता. इतके महिने मनात घोळत असलेलं मी विचारून टाकलं, "तू हे सगळं जमवलंस कसं?"

"माहेरचं. हायवेलगतची जमीन भावांनी विकायला काढली. आधी हक्कसोडपत्रावर सही दे म्हणाले. मी नाय दिली."

"मग?"

"मग काय, दोन वर्षं राखीला बोलावलं नाय. लय रडले. पण सही नाय दिली. शेवटी वाटा दिला त्यांनी."

माझ्या माहेरचं कांद्याचं शेत देवळा गावाजवळ आहे. तसल्याच कागदावर मी दहा मिनिटांत सही केली होती. वहिनीनं साडी दिली, पुरणपोळी वाढली, आणि मी किती मोठ्या मनाची, हे मी नंतर सगळ्यांना सांगत फिरले. वडिलांची खूण म्हणून एखादा वाफासुद्धा मागितला नाही.

"मी तुझ्यावर फार जळते गं," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं ओठांत धरलेली पिन काढली. "ठाऊक हाय मला. समोरच्याच बिल्डिंगीत, वरच्याच मजल्यावर घेतला तुमी. मी काय येडी हाय का?"

मला कुठं बघावं कळेना. ती खाली उतरली.

"मला वाईट नाय वाटलं," ती म्हणाली. "खरं सांगू का? माझ्यावर कोणी जळावं, असं माझ्यापाशी आजपर्यंत काय होतंच नाय. बरं वाटलं थोडं."

मग आम्ही दुसरा पडदा लावला. वाकडा लागला, पुन्हा काढला.

भाडेकरूही तिनंच आणला, एसटीत कंडक्टर असलेली बाई, एकटीच राहणारी. भाडं मी उतरवलं. ते माझ्या खात्यात जमा होईल, असं घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "हप्ता माझ्या पगारातून जातो आणि भाडं तुझ्या खात्यात?" आठवडाभर आमचं त्यावरून वाजत होतं. शेवटी ते कंटाळले. फ्लॅट अजून दोघांच्या नावावर आहे, क्रमही तोच. भावाकडे मी काही मागायला गेले नाही. आता उशीर झाला आहे, आणि धीरही नाही.

गेल्या महिन्यात जावेनं आडगावलाच दुकानाचा गाळा घेतला, शिवणकामासाठी. फोन आला तेव्हा मी आधी गाळा किती फुटांचा, हेच विचारलं. "रजिस्ट्रीला साक्षीदार लागतो," ती म्हणाली. "तुमी याल का, ताई?"

मी अर्धी रजा टाकून गेले. सही केली, अंगठा दिला. बाहेर पडल्यावर ती मला मिसळ खायला घेऊन गेली. मी पर्स उघडेपर्यंत तिनं बिल देऊन टाकलं होतं. तेही मला जरासं लागलंच.