आधी गाडीखाली बघ

सगळं गाव तिला ब्रेकबाई म्हणतं. अर्थात माघारी, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. इतर मास्तर मंडळी शिकाऊ माणूस जरा चुकायला लागला की त्याच्यावर खाडकन पाय देतात. ही मात्र शांत बसते, चूक पुरती होऊ देते आणि समोरचा खांब अगदी तोंडाशी आला की मगच ब्रेक दाबते. शिकणाऱ्याचा जीव कंठाशी येतो. मग ही म्हणते, "आता सांगा, काय चुकलं?"

तिचा आणखी एक नियम आहे. किल्ली हातात देण्याआधी ती प्रत्येकाला गाडीशेजारी उकिडवं बसवते आणि खाली वाकून बघायला लावते. मांजर असेल, चेंडू असेल, कुणाचं लेकरू असेल. बँकेतले एक जाडजूड साहेब असे बसले ते उठेचनात, शेवटी दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. पण नियम म्हणजे नियम.

अशा या बाईनं स्वतःच्या निळ्या गाडीखाली मात्र कधी वाकून बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ती निळी गाडी नवऱ्यानं घेतली होती. टाइल्सचं दुकान चालवणारा, पै न् पै वाचवणारा माणूस. बायकांच्या नावावर घेतली की कर कमी बसतो, म्हणून त्यानं ती हिच्या नावावर केली आणि येताजाता ऐकवलं, "कागदावर तुझी, बाकी माझी." बायकोबद्दलही त्याचं मत तेच होतं. कुठे होतीस, कुणाशी बोललीस, एवढा उशीर का, याला कंटाळून ही एके दिवशी दोन बॅगा त्याच गाडीत टाकून निघाली आणि एका दुकानावरच्या खोलीत राहायला गेली. खिडकी उघडली की समोर पाण्याची टाकी, दुसरं काही नाही. पण ओट्यावर ठेवलेला कप संध्याकाळी तिथेच सापडायचा आणि कुणी काही विचारायचं नाही.

पत्ता तिनं फक्त धाकट्या बहिणीला सांगितला होता. तरी आठवडाभरात नवरा खाली शटरला टेकून उभा. वकिलाकडे गेली, तर जिन्यात हा. दाताच्या डॉक्टरकडे गेली, तर फुटपाथवर हा, हसत. कुठे जाणार हे दर वेळी फक्त धाकटीला ठाऊक असायचं.

मग काय, हिच्या डोक्यात किडा शिरला. धाकटीच्या घरी जाऊन, तिच्या सासू-सासऱ्यांसमोर ही कडाडली, "घरभेदी आहेस तू! विकलंस मला!"

"ताई, लेकीची शपथ, मी एक अक्षर बोलले नाही."

"लेकराला मध्ये घालू नकोस तुझ्या खोट्यात."

धाकटीनं रडत ताईच्या नवऱ्याला फोन करून जाब विचारला. बायकोचा संशय धाकटीवर गेलाय हे त्या बिलंदराला त्यावरून उमगलं आणि तो संशय पक्का व्हावा म्हणून तो दिसेनासाच झाला. बहिणी तुटल्या आणि नवरा यायचा थांबला, म्हणजे धाकटीच बोलत होती, हे हिच्या मनात पक्कं बसलं. पुढे धाकटीच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. निरोप आला, पण ही गेली नाही.

मग एक दिवस ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीची क्लचप्लेट गेली आणि शिकवणी निळ्या गाडीत घ्यावी लागली. त्या दिवशी शिकायला होत्या एक निवृत्त नर्सबाई. नियमाप्रमाणे त्या उकिडव्या बसल्या, वाकल्या आणि खालूनच म्हणाल्या, "मांजर नाहीये हो. पण इथे डबी कसली चिकटलीय? बारीक दिवा लुकलुकतोय."

काळी, साबणाच्या वडीएवढी, लोहचुंबकानं घट्ट धरलेली. ट्रॅकर. गाडी कुठे आहे ते दुसऱ्याच्या मोबाइलवर दाखवणारं यंत्र.

ब्रेकबाईनं स्वतः वाकून ती बघितली. तिला आधी आठवली ती धाकटी. हॉस्पिटलच्या खाटेवर, दाराकडे डोळे लावून पडलेली. नवरा आठवला तो नंतर, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"फेका ती गटारात," नर्सबाई म्हणाल्या.

"नाही. असू दे तिथेच. त्यांची चूक अजून पुरती झालेली नाही."

पोलीस ठाण्यातला हवालदार तिच्याच हाताखाली गाडी शिकलेला. तिला बघताच तो सवयीनं ताठ बसला. फौजदारबाईंनी मात्र कपाळाला आठ्या घालून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "कायदा सरळ आहे. स्वतःच्या गाडीला लावा, कुणी विचारणार नाही. दुसऱ्याच्या गाडीला त्याला न सांगता लावलंत, तर गुन्हा. मग नातं काही का असेना. गाडी कुणाच्या नावावर?"

तिनं सांगितलं. वर एवढंच म्हणाली, "त्यांना बोलवा. पण नावाचं आधी काढू नका."

नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला, न विचारता खुर्ची ओढून बसला. पोलिसांनी गाडीखालून काढलेली डबी टेबलावर होती.

"ही तुम्ही लावलीत का हो?" तिनं अगदी मऊ आवाजात विचारलं.

"लावली! हक्कानं लावली. माझा पैसा, माझी गाडी, माझी बायको."

"आणि धाकटीचं नाव का पुढे केलंत?"

"मी कुठे केलं? तूच केलंस. मी फक्त गप्प बसलो."

हे तिला वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. पण तिनं चेहरा हलू दिला नाही. "बोला ना, पुढे बोला," ती म्हणाली. आणि गडी बोलला! कुठल्या दिवशी लावली, चार्जिंग कोण करायचं, मोबाइलवर तिचा ठिपका बघत कसा जेवायचा, सगळं फुशारकीनं सांगितलं. हवालदार लिहीत होता. खांब अगदी तोंडाशी आला.

"आता सांगा," ब्रेकबाई म्हणाली, "काय चुकलं?"

फौजदारबाईंनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. मालकाच्या जागी बायकोचं नाव. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं तिनं डोळे भरून बघितलं.

नंतर सासूबाई आल्या. "झालं गेलं विसर. माझ्याकडे बघून सोड त्याला. तो आत गेला तर तुझं काय भलं होणार आहे?"

तिनं त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली. "भलं काही नाही होणार, आई. बरं वाटेल."

खटला उभा राहिला. त्या फोनबद्दल साक्ष द्यायला धाकटी आली. बोलली, सही केली, हिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. शिक्षा झाली, ती हिला हवी तेवढी नव्हे, पण झाली. व्हरांड्यातून त्याला नेताना तो म्हणाला, "एवढ्याशा डबीसाठी एवढा सूड?"

"डबीसाठी नाही," ती म्हणाली. "बहिणीसाठी."

तिला गोड वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं. बाहेर निळ्या गाडीपाशी येईपर्यंत ते टिकलं. तिथे धाकटी उभी होती.

"धाकटे, मी तुला..."

धाकटीनं हात वर करून तिला थांबवलं. मग टाके पडलेल्या पोटावर एक हात धरून ती सावकाश खाली बसली, वाकली आणि गाडीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. उठताना तिला कष्ट पडले. ब्रेकबाई धरायला पुढे झाली, तर तिनं धरू दिलं.

"काही नाही खाली," धाकटी गुडघे झटकत म्हणाली. "चल, ताई. मला घरी सोड."