दीड फुटाखालचं पाणी

श्यामला परचुरे आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. वय सत्तर. एका सरकारी कचेरीत माती तपासण्यात त्यांनी बत्तीस वर्षं घालवली. सोसायटीतल्या बहुतेकांना हे काम म्हणजे कुंड्यांना खत घालण्यासारखंच काहीतरी वाटायचं. आम्ही शिकलेली माणसं. मोबाइलवर हवामान बघतो आणि खिडकी बंद ठेवतो.

सोसायटी वारजे भागात, मुठेच्या काठाला लागून आहे. नाव इंग्रजी आहे, ते इथे सांगण्याच्या लायकीचं नाही. गेल्या मे महिन्यात वार्षिक सभा झाली. सेक्रेटरी शौनक, वय अडतीस, नोकरी आयटीत. त्याने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. बागेतल्या लॉनखाली दहा फुटांचा शोषखड्डा खणायचा, गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यात सोडायचं, पाणी जमिनीत मुरेल आणि घरपट्टीत सवलत मिळेल.

परचुरे बाई उठल्या. "अहो शौनक, पाणी जिरवणार कुठे?"

"जमिनीत, काकू."

"जमिनीत पावसाळ्यात दीड फुटावर पाणी असतं. भरलेल्या टाकीत आपण आणखी पाणी ओतणार?"

"काकू, कन्सल्टंटनी प्रॉपर सॉइल टेस्ट केलीये."

"कधी?"

"एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये नदीतसुद्धा पाणी नसतं. स्वेटर लागेल की नाही हे माणूस उन्हाळ्यात तपासतो का?"

सगळे हसले. मग मतदान झालं आणि बाई सोडून सगळ्यांनी खड्ड्याच्या बाजूने हात वर केले. माझाही हात वर होता. लोकशाहीत हसणं आणि हात वर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाई लॉनवर माती काढायचं गिरमिट घेऊन उभ्या होत्या. लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली पिळाचं पातं. त्या ते फिरवत फिरवत खाली घालत होत्या आणि दर वीतभराने माती वर्तमानपत्रावर मांडत होत्या. गेटजवळच्या बाकावर गेनबा बसले होते. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी त्यांची. आता ते रस्त्यापलीकडे मुलाच्या बंगल्यात राहतात आणि रोज सकाळी बाकावर येऊन बसतात. वॉचमन त्यांच्याकडून नाव लिहून घेतो.

मी दूध आणायला निघालो होतो. बाईंनी मला थांबवलं. "या, बघा. मतदार आहात आपण."

वरची माती तपकिरी, मऊ. त्यांनी चिमूटभर ओली करून बोटांत मळली. गोळी झाली, पण लांब वळी करायला गेल्यावर तुटली. "पोयटा. वाळू, गाळ, चिकणमाती सगळं मापात. नदीने वर्षानुवर्षं आणून टाकलंय. याच्यापेक्षा चांगली माती पुण्यात शोधून दाखवा." मग त्यांनी खालचा ढीग दाखवला. दीड फुटाच्या खाली माती राखाडी होत गेली होती आणि तिच्यात तांबडे ठिपके होते, गंजलेल्या पत्र्यावर असतात तसे. "वर्षातले तीन-चार महिने इथे पाणी उभं राहतं, म्हणून हा रंग. पाणी उतरलं की हवा शिरते आणि लोह गंजतं. जमीन स्वतःच लिहून ठेवते. वाचता यायला पाहिजे एवढंच."

गेनबा उठून जवळ आले. "बाई खरं बोलत्यात. हितं गहू पेरला की पिवळा पडायचा. अळू मातर माणसाएवढं व्हायचं."

दुपारी बाईंच्या दारात सोसायटीची नोटीस आली. सामायिक हिरवळीचं नुकसान केल्याबद्दल खुलासा करावा. बाईंनी संध्याकाळीच लेखी खुलासा दिला. "मी पाडलेले भोक चार इंचांचे आहे. आपले दहा फुटांचे असणार आहे. खुलासा कोणी द्यायचा ते मापाने ठरवावे." शौनकने तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली हसरा चेहरा लावला.

जूनमध्ये खड्डा झाला. आतून जाळीदार विटा, वर सिमेंटचं झाकण. नारळ फुटला, फोटो निघाले.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं. फार नाही. नदी काठाच्या आतच होती, आमच्या भिंतीला शिवलीसुद्धा नाही. तरी सकाळी लॉन पायाखाली स्पंजासारखं दबायला लागलं. दहा वाजता खड्ड्याच्या झाकणाच्या कडेने पाणी वर यायला लागलं. पाणी गच्चीवरून आलं नव्हतं, खालून आलं होतं. बेसमेंटमधल्या पार्किंगच्या भिंती पाझरू लागल्या आणि अकरापर्यंत तिथे घोट्याएवढं पाणी झालं.

शौनकने पंप मागवला. पार्किंगमधलं पाणी उपसून पाइपने बागेतल्या शोषखड्ड्यात सोडलं. तास झाला, दोन तास झाले, पाणी उतरेना. आम्ही रॅम्पवर उभे राहून एकमेकांना सल्ले देत होतो. शौनक फोनवर कन्सल्टंटला विचारत होता आणि कन्सल्टंट पलीकडून यंदाच्या पावसाला दोष देत होता.

एवढ्यात परचुरे बाई गमबूट घालून खाली आल्या. त्यांनी पाइप कुठून कुठे जातोय ते पाहिलं.

"पंप बंद करा."

"काकू, प्लीज, आत्ता नको."

"अहो, आपण पार्किंगमधलं पाणी खड्ड्यात टाकताय. खड्ड्यातून ते मातीत जातंय, मातीतून भिंतीला आणि भिंतीतून परत पार्किंगमध्ये. दोन तास आपण एकच पाणी फिरवताय. आपल्या कंपनीत याला काय म्हणतात?"

कुणी हसलं नाही. शौनकने पंप बंद केला. बाईंनी गेनबांना बोलावून घेतलं. "शेतातलं पाणी कुठून काढत होतात?"

गेनबांनी काठीने पूर्वेच्या भिंतीकडे दाखवलं. "चर व्हती. थेट वढ्यापातुर."

चर अजून होती, फक्त वर पेव्हर ब्लॉक बसवले होते. आणि कंपाउंडच्या भिंतीत जिथून ती बाहेर पडायची तिथे बिल्डरने विटा लावून गिलावा केला होता, वर मोराचं चित्रही काढून घेतलं होतं. गेनबांनी मोराच्या पायाशी काठी टेकवली. आम्ही पाच-सहा जणांनी ब्लॉक उचलले. भिंतीवर पहार मी मारली. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं फोडलं. पाइपाचं तोंड खड्ड्यातून काढून चरीत घातलं आणि पाणी ओढ्याकडे धावलं. संध्याकाळी पाचपर्यंत पार्किंगची फरशी दिसायला लागली. शौनकची गाडी तेवढी सुरू झाली नाही.

पुढच्या रविवारी तातडीची सभा झाली. शौनक या वेळी पडदा लावून बसला नव्हता. तो म्हणाला, "काकू, तुम्हाला एवढं सगळं माहिती होतं, तर आधीच का नाही सांगितलंत? म्हणजे बिल्डिंग व्हायच्या आधी?"

आम्हाला वाटलं, आता त्याची काही खैर नाही. पण बाई चिडल्या नाहीत.

"सांगितलं होतं. सत्त्याऐंशी साली. ही पट्टी मीच तपासली. पंधरा खड्डे खणले. अहवालात लिहिलं, भाजीपाल्याला उत्तम, बांधकामाला अयोग्य. साहेबांनी 'अयोग्य'वर रेघ मारली आणि 'योग्य उपाय केल्यास योग्य' असं लिहून आणलं. मी तीन दिवस सही केली नाही. चौथ्या दिवशी केली. बढतीच्या यादीत नाव होतं माझं. तुम्ही सगळे अडाणी आहात. मी अडाणी नव्हते. तेव्हा मला विचारू नका."

"मग इथे घर का घेतलंत?" मी विचारलं.

"घेताना तिसरा मजला घेतला. पार्किंग घेतलं नाही. माझी अक्कल तेवढ्यापुरतीच चालली."

मग त्यांनी ठराव मांडला. यापुढे सोसायटीतला फ्लॅट विकताना जमिनीची माहिती घेणाऱ्याला लेखी द्यावी. शौनक हळूच म्हणाला, "काकू, रेट पडतील." ठराव नामंजूर झाला. माझा हात या खेपेस खालीच राहिला. ठरावाच्या बाजूने बाईंचा एकटीचाच हात होता.

खड्डा बुजवला. तिथे लॉन पुन्हा लागणार नव्हतं, तेव्हा बाईंनी आणि गेनबांनी अळू लावलं. गणपतीपर्यंत पानं सुपाएवढी झाली. आधी "डास होतील" म्हणून तक्रार करणाऱ्या बायकाच ऋषिपंचमीच्या भाजीसाठी पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या. बाई प्रत्येकीला पानं देताना राखाडी मातीचं ढेकूळ हातावर ठेवतात आणि ठिपके मोजायला लावतात. फुकट काही मिळत नाही.

पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकायला निघाला आहे. एजंट रविवारी लोकांना घेऊन येतो. बाई तेव्हा गेटपाशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याला जुलैतली सगळी हकीकत सांगतात, सत्त्याऐंशी सालच्या सहीसकट. दोन कुटुंबं ऐकून परत गेली. तिसरं डॉक्टर जोडपं होतं. त्यांनी सगळं ऐकलं, माती हातात घेतली, वास घेतला, ठिपके पाहिले, बाईंचे मनापासून आभार मानले. मग डॉक्टरीण बाईंनी एजंटला विचारलं, "पण बाल्कनीतून नदी दिसते ना?"

गेल्या आठवड्यात त्यांचं सामान आलं.