रुमालाखालचा हात

मी जनावरांचा व्यापारी आहे, आमच्याकडं हेडी म्हणतात. बैलाच्या तोंडात हात घालून दात बघितल्याशिवाय मी विकणाऱ्याच्या शपथेवरही विश्वास ठेवत नाही. या सदरातले चकवे आणि हडळी वाचून आजवर हसतच आलो... आता हसायची पाळी तुमची.

आधी एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे चारचौघांना कळत नाही. सौदा चालू असताना शब्द काढायचा नाही, काढला की सौदा मोडला. पटलं तर पंजा घट्ट आवळायचा. नाही पटलं तर हात काढून घ्यायचा.

हा धंदा माझा थोरला भाऊ – दादा – आणि मी शून्यातून उभा केला. युसूफ वडगावचा बाजार उरकला की परळीला जाऊन दुपारचा खेळ बघायचा, हा आमचा एकच शौक. पडद्यावर बैल, घोडा, म्हैस काहीही आलं की दादा अंधारात माझ्या हातावर रुमाल टाकायचा. तो मालक, मी गिऱ्हाईक. तिकडं हिरॉईन रडत असायची आणि इकडं आम्ही तिच्या बापाच्या बैलांचा सौदा करत असायचो! दादा कधीच खाली यायचा नाही. शेवटी हात झटकून कानात म्हणायचा, "चल बे, तुझी ऐपत शेळीची."

मग एका बाजारात, लोकांदेखत, दादा म्हणाला, "उद्यापासून तुझी दावण येगळी, माझी येगळी."

म्हणजे जनावरं वेगळी, धंदा वेगळा. मी विचारलं, "कावून? असं का?"

तो कासरा गुंडाळत राहिला. ना आधी भांडण, ना कुरबुर. मी लई तणतणलो. बोलणं बंद झालं ते कायमचं. तो आजारी असल्याचंही मला कुणी कळवलं नाही. पुतण्याचा फोन आला तो थेट राख सावडायला या म्हणून. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

गेल्या उन्हाळ्यात परळीच्या नव्या थेटरात, दादाबरोबर बघितलेला एक जुना हिंदी सिनेमा परत लागला. नाव लिहीत नाही, नाहीतर खाली सगळी चर्चा त्याच्यावरच होईल. आमची मंडळी, कमल, म्हणाली, "मला कधी नेलतं तुमी? दोघं भाऊच जायचात. आता तरी चला."

गेलो. आत शिरताना पॉपकॉर्नवाल्याशी जुंपली. तो म्हणाला, "काका, फिक्स रेट आहे." मी म्हणालो, "कशापायी फिक्स? मक्याला शिंगं हायत का?" कमलनं मला दंडाला धरून ओढलं.

पण काय सांगू तुम्हाला... टीव्हीवर हाच सिनेमा लागला की मी चॅनल बदलायचो. इथं त्या नटाचा चेहरा भिंतीएवढा झाला आणि मी खुर्चीत पुढं सरकून बसलो. नावं यायला लागली तशा शिट्ट्या सुरू. नट तोंड उघडायच्या आधी अर्धं थेटर संवाद म्हणून मोकळं! मागच्या रांगेतले एक आबा गाण्याला उभं राहून नाचायला लागले. लेक ओरडली, "आबा, गुडघा!" आबा म्हणाले, "गुडघ्यालाच नाचायचंय, म्या काय करू?" सगळे हसले. मीही हसलो आणि उजवीकडं वळून बघितलं – सवयीनं. दादा नेहमी उजवीकडं बसायचा.

उजवीकडं भिंतीला लागून एकच खुर्ची होती, मिटलेली. तिथं कुणी आलंच नव्हतं. यायचं म्हटलं तरी आमच्या पायांवरून यावं लागलं असतं.

एसीनं गुडघे गारठले म्हणून मी रुमाल मांडीवर पसरला होता. मग ते बैलगाडीचं गाणं आलं. पांढरीशुभ्र जोडी, शिंगांना गोंडे. आणि रुमालाखाली एका हातानं माझी बोटं धरली.

कोरडा, खरबरीत, उबदार हात. मधलं बोट वाकडं. एका खोंडानं हिसका दिला तेव्हा कासऱ्यात अडकून दादाचं ते बोट वाकडं झालं होतं, ते पुन्हा सरळ झालंच नाही. मी खुर्चीकडं बघितलं. मिटलेलीच.

हातानं भाव सांगितला. तोच त्याचा आभाळाला टेकलेला भाव.

ओरडावंसं वाटलं – दादा, कावून? पण बोटांच्या भाषेत नुसते आकडे असतात, त्यात 'कावून' नाही. आणि तोंड उघडावं तर सौदा मोडतो, हात जातो. आयुष्यभर मला जीभ आवरली नाही, त्या दिवशी आवरली. मी निम्मा भाव सांगितला. तो थोडा खाली आला, पहिल्यांदाच. मी आणखी खाली गेलो. बैल कधीच पडद्यावरून गेले होते, गाणं संपलं होतं, तरी मी घासत राहिलो. मला जोडी नको होती हो, हात हवा होता. सौदा लांबावा म्हणून मी असा भाव सांगितला की त्यात बैलांच्या घुंगरमाळासुद्धा आल्या नसत्या.

हात जरा थांबला. मग पंजा आवळला. घट्ट.

मी सांगितलेल्या भावाला दादा आजवर कधीच तयार झाला नव्हता. आणि रुमाल सपाट झाला.

"अवो, कावून रडायलात?" कमल म्हणाली. "आता तर त्यांचं लगीन लागायलंय!"

"उजवीकडं कोण होतं?"

"कोन असणार? खुर्ची मिटलेली हाय की. पर तुमच्या रुमालाखाली लई वळवळ चाललीती. मला वाटलं पॉपकॉर्न लपवून खायलात."

माझा मुलगा म्हणतो हाताची नस दबली असेल. नस दबली तर मुंग्या येतात, भाव येत नाहीत. सिनेमा उतरेपर्यंत मी रोज जाऊन माझ्या त्याच खुर्चीत बसलो, रुमाल पसरून. बैल आले, गेले. काही झालं नाही.

कुणाकडं उत्तर असेल तर सांगा. दादानं दावण का वेगळी केली, तेही कळलं नाही. एवढी वर्षं त्याच्यावरचा राग जपून ठेवला होता, आता तोही धड येत नाही... आणि याच गोष्टीचा मला त्याच्यावर लई राग येतो.