अहमदाबादचा सूर्य

घोळ योगेशनेच घातला. शेजारच्या सिप्पोराकाकू ज्यू, घरात एकट्या. शुक्रवारी शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा सूर्य बुडायच्या आत लावायचा, म्हणून त्याने त्यांच्या मोबाईलवर गावाच्या सूर्यास्ताआधी वाजणारा गजर लावून दिला. मोबाईलला अहिल्यानगर ठाऊक नव्हतं. मग त्याने नुसतं 'अहमद' टाइप केलं आणि पहिलं आलं ते गाव दाबलं. ते अहमदाबाद निघालं. तिथला जूनमधला सूर्य आपल्याहून उशिरा मावळतो.

गजर वाजला तेव्हा नगरचा सूर्य बुडालेला होता. शब्बाथ लागला; आता उद्या रात्रीपर्यंत काडी ओढायची नाही, बटणही दाबायचं नाही. काका गेल्यापासून शुक्रवारी काकूंच्या सोबतीला तेवढा दिवाच असायचा.

"मी लावू का, काकू? मला कुठं बंदी हाय?"

"तुला सांगून करून घेणंही चालत न्हाई, शहाण्या. आता अहमदाबादलाच जाते. तिथं अजून ऊन असंल."

योगेश ओशाळून समोर बसला. अंधारात चाचपडत काकूंनी त्यालाही ताट वाढलं.

"माझा एक शुक्रवार बुडवलास. पुढच्या शुक्रवारी दिव्यापाशी येऊन बस, म्हणजे फिटलं."

"येतो की."

मोबाईलमधलं गाव त्याने शनिवारी रात्री शब्बाथ संपताच दुरुस्त केलं. पण शुक्रवारच्या आत पुण्याची नोकरी लागली. काकूंचा तो शुक्रवार अजून त्याच्याकडे बाकी आहे.