पायाळू माणसाची कंबर

मंडळी, मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी आले. त्यामुळे सावली तालुक्यातल्या आमच्या गावात भाताच्या रोवणीच्या दिवसांत कोणाच्या कमरेत चमक भरली, की तो माझ्या ओसरीवर येऊन पालथा पडतो. मी पाय लावतो.

आज माझीच कंबर धरली. सावलीच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनं पालथं झोपवून मणक्याच्या कडेकडेनं तळहातानं हळूहळू दाबलं. बरंच मोकळं वाटलं.

मग ती म्हणाली, "काकाजी, उद्या घरचं कोणी सोबत आणा. दाब कसा द्यायचा ते शिकवून देते. रोज करा लागते."

"आणतो," म्हटलं. बायको जाऊन तीन वर्षं झाली, हे काही सांगितलं नाही.

अर्ध्या गावाच्या पाठीला माझा पाय लागला आहे. उद्या सोबत कोणाले नेऊ?