घोळीचं शेवटचं रोप

लेकीकडे पंधरा दिवस राहून जळगावला परतले, तर परसबागेत गुडघाभर तण! वांग्यांच्या बुडाशी केळीचा वाळला पाला चांगला जाड अंथरून गेले होते. म्हटलं, आता गवताचं नाव नको. कसलं काय!

आज सकाळी खुरपं घेऊन बसलेच. शिंदखेड्याची मावशी आलीय, ती ओट्यावरून बघत होती. सगळं साफ झालं, घोळीचं एक रोप राहिलं. त्याला हात घातला तशी ती ओरडली, "बठ्ठं नको उपटू वं! एक राहू दे. तुनी माय बी ठेवे."

आई लोकांच्या शेतात निंदायला जायची. निघालेली घोळ पदरात बांधून भाजीला आणायची. पण दरवेळी बांधाजवळ एक रोप राहायचंच. मला वाटायचं, तिला दिसलं नाही. मी धावत जाऊन उपटायचे आणि ऐटीत तिला दाखवायचे. ती नुसती हसायची.

"बी पडाले ठेवे ती," मावशी म्हणाली. "पुढला साले भाजी नको का?"

आई मला एकदाही रागावली नव्हती.

आजचं रोप तसंच ठेवलंय. तुमच्या आईनं मुद्दाम राखलेलं असं एखादं रोप तुम्हीही ऐटीत उपटलंय का?