लेकीच्या केसातली चांदी

"तेल चोपडून येती बघ. केसात चांदी चिकटवून न्यायची आयडिया. चोराची अवलाद!"

मालकानं माझ्या लेकीची वेणी मुठीत धरून वर ओढली होती. नऊ वर्षांची पोर. चवड्यांवर उभी. रडली नाही. माझ्याकडं बघत होती.

कोल्हापुरात पैंजणांचा कारखाना होता तो. मी भट्टीवर, ती कड्या ओवायला. बारीक कड्यांना बारीक बोटं लागतात. तिच्यासारख्या आठ पोरी पोत्यावर माना घालून बसायच्या. शाळा सोडवून मीच तिला नेली होती. बायको नको म्हणत होती. मी म्हणालो, "बसून तर काम हाय. उन्हात थोडंच हाय?"

सुटताना सगळ्यांनी टबात हातपाय धुवायचे. ते पाणी मालक ठेवून घ्यायचा, चांदीचा कीस तळाला बसायचा म्हणून. पोरींचे फ्रॉक झटकून घ्यायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं.

त्या दिवशी तिच्या केसात तेल होतं. एवढंच. आदल्या दिवशी सुट्टी, आईनं न्हाऊ घालून खोबरेल लावलं होतं, लाल रिबिनी बांधल्या होत्या. तेलाला कीस चिकटला. दारात उजेडाला आली तशी डोकं चमकलं.

"धर तिचं डोस्कं," मालक मला म्हणाला.

मी धरलं.

चौथी शिकलोय, अक्षर वाकडं येतं. पण हे दुसऱ्याकडनं लिहून घेणार नाही. मी धरलं. दोन्ही हातांनी, कानांवर. कात्री पत्रा कापायची होती.

केस त्यानं टाकून दिले नाहीत. चांदी वितळवायच्या भांड्यात घातले आणि माझ्याच भट्टीवर ठेवले. जाळ मीच वाढवला. वास नाकात गेला तो गेलाच. राख फुंकली तर तळाला मोहरीएवढा मणी.

"बघ, तुझ्या पोरीची चोरी," म्हणाला आणि हसला. बाकीच्या पोरींनी माना वर केल्या नाहीत.

घरी बायकोनं पोरीच्या डोक्यावरचा टॉवेल काढला. सकाळी दारात आडवी बसली. "पोरगी जायाची न्हाय. तुमास्नी जायाचं आसंल तर तुमचं डोस्कं भादरून जावा."

मी गेलो. बारा वर्षं गेलो. मधल्या काळात आणखी चार पोरींची डोकी मी धरली. मालक सांगायचा, मी धरायचो.

लेक परत शाळेत गेली. केस वाढले. पण तेल कधी लावून घेतलं नाही. आई वाटी घेऊन बसायची, ही उठून जायची. माझा हात डोक्याकडं गेला की आजही मान काढून घेते.

या थंडीत बायको गेली. सरणावर आधी केसांनीच पेट घेतला. तोच वास. लेक समोर उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. चवड्यांवरनं बघितलं होतं, तसंच.

विहारात तिचं पुण्यानुमोदन झालं, दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. बायको नसलेल्या घरात काय करू? पोत्यावर नव्या आठ पोरी. मालकाचा पोरगा कात्री घेऊन उभा, पुढ्यात एक सात-आठ वर्षांची. केसाला तेल.

"म्हाताऱ्या, धर की जरा. तुला सवय हाय."

पोरीनं माझ्याकडं बघितलं.

मी कात्री त्याच्या हातातनं हिसकावून घेतली. टबाला लाथ घातली. सगळा कीस गटारात.

"ए म्हाताऱ्या! बायको मेली आन् डोस्कं फिरलं व्हय तुझं?"

"फिरलं हुतं. आता जाग्यावर आलंय."

त्या पोरीला हाताला धरून बाहेर आणलं, तिच्या आईकडं सोडलं. बाकीच्या सात अजून आत आहेत. म्हणून कामगार ऑफिसात तक्रार केली, उद्या तिथं जबाब द्यायचा आहे. मालकाची दोन माणसं आज दारात येऊन बसली होती. चहा नको म्हणाली. "पावणं, म्हातारपणी भानगड कशाला? भट्टी तुमची, हात तुमचा. पयलं तुमीच आत जाशिला."

बरोबर बोलली. म्हणून जबाबात पहिलं नाव माझंच घालायला सांगणार आहे. त्याच्या खाली मालकाचं, त्याच्या खाली त्याच्या पोराचं. त्या चार पोरींची नावंही मला पाठ आहेत.

लेकीला म्हणालो, "साक्षीला ये. माझ्या इरोधात."

"व्हय," म्हणाली. "येतो."